धर्माजीची तपकीर

दमलात काय, असं धर्माजीला विचारायची सोय नाही. दुसरा कोणी असता तर "छे, अजून चार माड चढेन" अशी बढाई मारली असती. धर्माजी खरं सांगतो. "दमलो बाबा," म्हणतो, कमरेची पितळी डबी काढतो, चिमूटभर तपकीर आधी उजव्या नाकपुडीत, मग डाव्या. दोन शिंका. डोळे पुसतो आणि पुन्हा झावळ्या ओढायला लागतो. दमला हे खरं, पण काम सुटत नाही हेही खरं.

वय सदुसष्ट. चौलच्या एका नारळी-पोफळीच्या वाडीत तो बावीस वर्षं राखणीला आहे. वाडीच्या मधोमध बंगला, मालक शेठ मुंबईला. पूर्वी शेठ दिवाळीत आणि मे महिन्यात यायचे, बाकी वर्षभर बंगल्यात पाली राज्य करायच्या. मग शेठ थकले आणि कारभार भाच्याकडे, परेशकडे गेला. परेश हुशार. त्यानं बंगला शिबिरांना द्यायला सुरुवात केली. योगवाले येतात, मौनवाले येतात, नुसती फळं खाणारे येतात. एकदा तर पंधरा माणसं चार दिवस फक्त हसायला आली होती. त्यांचं हसणं ऐकून धर्माजीची बायको चंदाबाई म्हणाली होती, "ह्यांच्या घरी हसाय बंदी हाय काय?"

चंदाबाई बंगल्याचा स्वयंपाक बघते. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. जिना चढताना ती एकेका पायरीला शिवी देते, मोठ्यानं नव्हे, पायरीला ऐकू जाईल एवढीच. दोघं बंगल्याच्या मागच्या दहा बाय दहाच्या खोलीत राहतात. त्यांचं स्वतःचं घर बौद्धवाडीत आहे, म्हणजे चार भिंती आहेत. निसर्ग वादळात कौलं उडाली, वासे मोडले, आणि एका बाजूला निळी ताडपत्री टाकली ती टाकलीच. उद्या करू, पावसाळ्यानंतर करू, असं म्हणत राहूनच गेलं. मुलगा सनी न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, उरणला एका खोलीत बायको आणि दोन पोरं घेऊन राहतो. "बाबा, इकडंच या," म्हणतो. कुठं यायचं? पोरांच्या उशाखाली? तेव्हा परेशची ही खोली म्हणजे दोघा म्हाताऱ्यांचं छप्पर. ते गेलं तर वर आभाळ, ही गोष्ट दोघांनाही पाठ होती, म्हणून कुणी बोलून दाखवत नव्हतं.

बंगल्याच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या कट्ट्यावर दोन कप वेगळे ठेवलेले असतात. एक निळ्या फुलांचा, एक कान तुटलेला. ते या दोघांचे. हल्ली जात कोणी विचारत नाही हो, फार सुधारलेत लोक. कप तेवढा वेगळा ठेवतात. परेशचं म्हणणं, "स्टाफचं स्टाफला, गेस्टचं गेस्टला, हायजीन असतं काका." आणि धर्माजी कधी त्यावर बोलला नव्हता. बावीस वर्षांत माणूस कपालाही सरावतो.

वालाच्या शेंगा मडक्यात भाजायचे, पोपटीचे दिवस होते, जानेवारीची थंडी. एका गुरुवारी परेश गाडीतून उतरला तोच कपाळाला हात लावून. बरोबर पस्तिशीची एक बाई, कल्पिता, पुण्याची. ही कल्पिता तीनदा ब्राझीलच्या जंगलात राहून आली होती. तिथल्या आदिवासी लोकांत एक पूड असते, तंबाखूची पानं आणि झाडाच्या सालीची राख एकत्र कुटून केलेली. ती नाकातून घेतात, पण उगाच नाही. त्याला वेळ असते, बसणं असतं, प्रार्थना असते. शनिवार-रविवार तिचंच शिबिर ठरलं होतं. तिथले एक वयस्कर बाबा यायचे होते, त्यांचा व्हिसा झाला नाही. पूड आणि नळ्या पार्सलनं येत होत्या, त्या कागदपत्रांत अडकल्या. आणि सात पाहुणे तर शुक्रवारी संध्याकाळी दारात उभे राहणार.

"काका, तुम्ही तपकीर कुटता ना?" परेशनं विचारलं.

कुटायचा तर काय. धर्माजीची तपकीर बौद्धवाडीतल्या चार म्हाताऱ्यांच्या नाकाला ठाऊक होती. कल्पितानं पर्समधून एक इवलीशी बाटली काढली, तळाला बोटभर पूड उरलेली. धर्माजीनं ती नाकापाशी नेली, ओढली नाही, फक्त वास घेतला. तंबाखू, राख, आणि मागं काहीतरी हिरवं, ओल्या पाल्यासारखं.

"ही आपल्या तपकिरीची बहीण हाय," तो म्हणाला. "थोरली."

कल्पिता हसली. बाई वाईट नव्हती, हे सांगितलं पाहिजे. ती ओट्याशी खाली बसली आणि सगळं नीट समजावून सांगू लागली. एकट्यानं घ्यायची छोटी नळी वेगळी असते. पण नवख्या माणसाला जाणता माणूसच देतो. वाकड्या नळीचं एक टोक देणाऱ्याच्या तोंडात, दुसरं घेणाऱ्याच्या नाकपुडीत. देणारा फुंकतो. फुंकताना त्याच्या मनात जे असेल ते पुडीबरोबर घेणाऱ्यात जातं, असं ते लोक मानतात. म्हणून देणाऱ्यानं मन साफ ठेवायचं.

मग तिनं मोबाइलवर चित्रफीत दाखवली. झाडीतली झोपडी, डोक्यावर पिसांचा मुकुट घातलेला एक म्हातारा, समोर गोऱ्या माणसांची रांग. म्हातारा एकेकाच्या नाकात फुंकतो, डोक्याला हात लावतो, पुढचा येतो. धर्माजीनं चित्रफीत दोनदा बघितली. पिसं त्यानं बघितली नाहीत. त्याची नजर होती म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर.

"हे बाबा रोज असं करतात काय?"

"पूर्वी नाही. आपल्याच माणसांत, शिकारीला जाण्याआधी, काही ठरवायचं असेल तर घ्यायचे. आता जगभरातून लोक जातात ना, मग बसावं लागतं."

"दमलेत," धर्माजी म्हणाला.

कल्पितानं मोबाइल पुन्हा तोंडासमोर धरला. इतक्या वेळा बघितलेली चित्रफीत, पण हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्यानं तंबाखूची पानं तव्यावर भाजली, खलबत्त्यात कुटली, करंजाच्या सालीची राख करून त्यात घातली आणि मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळली. नळ्या आल्याच नव्हत्या, म्हणून बांबूचे दोन तुकडे वाकडे जोडून नळीही केली. तपकिरीत एरवी तो बोटभर तूप लावायचा, ते कल्पितानं नको म्हटलं. इथवर सगळं ठीक होतं. कुटायला सांगितलं, कुटलं. कामच ते.

दुपारी परेश खोलीच्या दारात आला. हातात अलिबागच्या किनाऱ्यावर मिळते तसली कवड्यांची माळ आणि एक भगवं उपरणं.

"काका, बसायचंपण तुम्हीच. चेहरा आहे तुमचा तसा. दाढी चार दिवस केली नाहीये, एकदम बेस्ट. कल्पिता शेजारी बसेल, ती सांगेल तसं करायचं. मी पाहुण्यांना सांगितलंय, इथले आदिवासी आजोबा आहेत."

"मी आदिवासी न्हाय, शेठ. बौद्ध हाय."

"अरे काका, उनको क्या पता चलता है. दोन संध्याकाळचा प्रश्न आहे. बाकी मी तुमच्यासाठी कधी काय नाही म्हटलंय का? खोलीचं भाडं तरी कधी मागितलंय?"

झालं. खोलीचं नाव निघालं की बोलणं संपतं. परेश माळ खाटेवर ठेवून गेला.

धर्माजी त्या माळेकडे बघत बसला. त्याचं कारण त्याचा बाप, बुधाजी. बुधाजीच्या अंगात वारं यायचं. गावदेवीच्या जत्रेला वर्षातून एक दिवस त्याच्या गळ्यात कवड्यांची माळ पडायची, हातात वेताची काठी यायची, आणि तो घुमायला लागला की वरच्या आळीतल्या बायका आजारी पोरं त्याच्या पायावर घालायच्या. अंगारा लाव म्हणायच्या, फुंकर घाल म्हणायच्या. आणि दुसऱ्या दिवशी तोच बुधाजी विहिरीशी ओंजळ करून उभा राहायचा आणि त्याच बायका लांबूनच वरून पाणी ओतायच्या. एक दिवस देव आणि तीनशे चौसष्ट दिवस बाट. छप्पन साली दीक्षेची लाट कोकणात आली तेव्हा बुधाजीनं माळ आणि काठी रेवदंड्याच्या खाडीत भिरकावून दिली. धर्माजीचा जन्म त्यानंतरचा. त्यानं बापाला घुमताना कधी पाहिलं नाही, पण बापाचं बोलणं लहानपणापासून ऐकलं होतं. "माणूस म्हणून बोलावतील तिथं जायचं. देव म्हणून बोलावतील तिथं जायचं न्हाय." मरतानाही तेच बोलला, दुसरं काही मागं ठेवायला त्याच्याकडं नव्हतं.

चंदाबाई भाकरी टाकून आली, खाटेवरची माळ बघितली आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघितलं.

"बसणार काय तुमी?"

"तू सांग."

"मी काय सांगू? नको म्हणाल तर उद्या ट्रंक डोक्यावर घेऊन ताडपत्रीखाली जायचं. व्हय म्हणाल तर मामंजींना काय तोंड दाखवायचं." ती गुडघे चोळत बसली. "माझे पाय तर चालत न्हाईत कुठं. पन पायांसाठी बसू नका. तुमच्या मनानं बसा न्हायतर बसू नका."

मनानं! मन कुठं शिल्लक होतं? धर्माजी इतका दमला होता की नाही म्हणायला जो जोर लागतो तोच त्याच्यात नव्हता. होय म्हणायला काही करावं लागत नाही, गप्प बसलं की झालं. तो गप्प बसला. आणि शनिवारी सूर्य कलायला लागला तेव्हा चिंचेखाली, चटईवर, गळ्यात कवड्यांची माळ घालून तो बसलेला होता.

सात पाहुणे अर्धवर्तुळात, प्रत्येकासमोर एकेक प्लास्टिकची बादली, कारण ही पूड कधीकधी पोटातलं बाहेर काढते. कल्पितानं त्यांना आधी सगळं सांगितलं, ते कुठलं, कुणाचं, त्याचा मान कसा राखायचा. फक्त समोर बसलेला म्हातारा कोण, हे ती बोलली नाही. ते बोलायची वेळ आली तेव्हा तिनं मान खाली घातली आणि परेशनं ते वाक्य पुरं केलं.

धर्माजी फुंकू लागला. पहिला एक गलेलठ्ठ गृहस्थ, मग एक नवरा-बायको, मग आणखी तिघं. नळी तोंडात धरली की त्याला कल्पिताचं बोलणं आठवायचं, मनात जे असेल ते समोरच्यात जातं. म्हणून तो प्रत्येक वेळी मनात म्हणायचा, ह्याचं बरं होवो. चौथ्या-पाचव्यापर्यंत ते वाक्य विरत चाललं. शेवटची होती मनाली, तिशीची असेल नसेल. ती नळीपुढे सरकली. कल्पितानं त्याच्या कानात सांगितलं, हिची आई गेल्या महिन्यात गेली.

धर्माजीनं मनात शोधलं. पोरीला द्यायला काहीतरी चांगलं असावं. सापडलं नाही. छातीत नुसती दमणूक भरलेली होती, वादळाची, जिन्याची, झावळ्यांची, बापाच्या शब्दाची. ही कशी घालू हिच्या नाकात, असं वाटलं आणि त्याच क्षणी फुंकर निघून गेली. मनालीच्या डोळ्यांतून पाणी आलं, मग हुंदका आला, मग ती पुढे वाकली आणि तिनं कपाळ धर्माजीच्या पावलांवर टेकलं.

"ताई, नका," म्हणत त्यानं पाय ओढून घेतले. तिनं पुन्हा धरले. परेश मागून फोटो काढत होता.

आता खरं सांगायचं तर एक क्षणभर धर्माजीला बरं वाटलं. एवढी शिकलेली पोर आपल्या पायाशी रडतेय, आपल्यामुळं तिला मोकळं वाटतंय, हे बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्याचीच त्याला भीती वाटली. बापालाही जत्रेच्या दिवशी असंच वाटत असणार. खोलीवर आल्यावर त्यानं माळ खुंटीला अडकवली. चंदाबाईनं ताट वाढलं, त्यानं दोन घास खाल्ले आणि तोंड फिरवून पडून राहिला.

रविवारी सकाळी पाहुणे ओटीवर चहाला बसले होते. धर्माजी शहाळी सोलून पायरीवर मांडत होता. आदल्या दिवशी पाहुण्यांकडून एक कप फुटला होता, त्यामुळे सातात एक कमी. चंदाबाईनं आतून हाक मारून विचारलंही, पण परेश फोनवर होता. मग तिनं निळ्या फुलांचा कप गरम पाण्यानं दोनदा विसळला, त्यात चहा ओतला आणि ट्रेमध्ये ठेवला. तो नेमका मनालीच्या हातात गेला. ती तोंडाला लावणार तेवढ्यात परेश फोन कानाचा काढून म्हणाला, "मनाली, वो स्टाफवाला है, रुको, दुसरा देतो."

मनालीनं कप खाली ठेवला. रागानं नाही, तोंड वाकडं करून नाही, अगदी हसऱ्या चेहऱ्यानं. "अय्या, बरं झालं सांगितलंत," म्हणाली आणि बोटं टिश्यूला पुसली. मग तिची नजर पायरीवर गेली. तिनं धर्माजीला पाहिलं आणि दोन्ही हात जोडून वाकून म्हणाली, "गुड मॉर्निंग, बाबाजी."

चंदाबाई ट्रे धरून तशीच उभी होती. धर्माजीनं कोयता शहाळ्यात रोवला, हात पुसले आणि निळ्या फुलांचा कप उचलला. त्यातला चहा पायरीवर बसून त्यानं सावकाश पिऊन टाकला. आज कित्येक दिवसांनी तो एखादी गोष्ट इतक्या सावकाश करत होता. मग तो खोलीवर गेला, खुंटीवरची माळ घेऊन आला आणि परेशच्या हातात ठेवली.

"हे काय काका? संध्याकाळी परत बसायचंय. पुढच्या महिन्यात चार बॅच ठरतायत, तुमचा कालचा फोटो बघून लोक विचारतायत."

"न्हाय बसनार."

"का? कोणी काही बोललं का?"

"कुनी काय बोललं न्हाय. शेठ, मला माणूस म्हणून बोलवा. तुमच्या कपातनं चहा द्या. मी येऊन बसतो, तपकीर कुटून देतो, ह्या ताईंच्या आईबद्दल ऐकत बसतो लागंल तेवढं. देव म्हणून नगं."

परेश आधी हसला, मग समजावणीवर आला, मग त्याचा आवाज व्यवहारी झाला. म्हणजे नवीन माणूस बघावा लागेल, नवीन माणसाला खोली लागेल, तुम्ही समजून घ्या. धर्माजी समजला होता. कालपासूनच समजला होता.

"मंगळवारपर्यंत करतो मोकळी," तो म्हणाला.

त्याला वाटलं होतं, नाही म्हटल्यावर छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. दमणूक होती तेवढीच राहिली, वर गुडघे गेलेल्या बायकोला ताडपत्रीखाली न्यायचा घोर लागला. फक्त रविवारी दुपारी त्याला झोप लागली, आणि चंदाबाईनं त्याला उठवलं नाही.

मंगळवारी सकाळी दोघं सामान बांधत होते. सनीनं बौद्धवाडीत सामान न्यायला ओळखीचा टेम्पो पाठवला होता, तो रस्त्यावर उभा. एक ट्रंक, दोन गोधड्यांची बोचकी, फोटो, गॅसची शेगडी. एवढ्यात कल्पिता दारात आली. शिबिर संपून सगळे गेले होते, ती मुद्दाम थांबली होती. आत या म्हटल्यावर आली आणि ट्रंकेवरच बसली. चंदाबाईनं पातेल्यातला उरलेला चहा आपल्याच पेल्यात तिला दिला. तिनं तो घेतला.

"काका, मी त्या वेळी बोलायला हवं होतं. बोलले नाही. चुकलं माझं."

"तुमी चांगल्या हाय ताई," धर्माजी म्हणाला, "पन तुमी परेशशेठला घाबरता. मी बी घाबरत व्हतो. जाऊ द्या."

कल्पितानं पेला रिकामा करून खाली ठेवला. मग तिनं सांगितलं की ती पुढच्या महिन्यात पुन्हा तिकडे, जंगलात चालली आहे. चित्रफितीतल्या त्याच बाबांकडे.

धर्माजीनं कमरेची पितळी डबी काढली. तिच्यात कालच कुटलेली तपकीर गच्च भरलेली होती, तुपाचा हात लावलेली, त्याची नेहमीची. झाकण घट्ट लावून त्यानं डबी कल्पितापुढे धरली.

"ही त्या बाबांना द्या. म्हणावं, चौलच्या धर्माजीनं दिली. ह्याला नळी लागत न्हाय, मंत्र लागत न्हाय. ही कुनाला द्यायची न्हाय म्हणावं. समोर रांग नसंल तेव्हा एकटं बसायचं, चिमूटभर घ्यायची, दोन शिंका द्यायच्या आन् जरा पाठ टेकायची."

कल्पितानं डबी दोन्ही हातांत घेतली. तिनं ती पर्समध्ये त्या इवल्याशा बाटलीशेजारी ठेवली.

"तुमची डबी दिलीत," चंदाबाई म्हणाली, "आता दुपारच्याला नाकात काय वडनार?"

"घरी गेल्यावर कुटू," धर्माजी म्हणाला. त्यानं ट्रंकेची एक कडी धरली, दुसरी चंदाबाईनं धरली, आणि मध्येमध्ये थांबत दोघं टेम्पोकडे निघाले.